नूडल्सचा गिचका होतोय? पाणी कुठे मुरतंय ते आधी बघा

माझं सांगलीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पंपाची मोटार, गिरणीची मोटार, मिक्सर, टेबलफॅन, जे जळेल ते आमच्याकडे येतं. स्वयंपाक हा काही माझा प्रांत नाही. पण शनिवारी मी दुकान लवकर बंद करतो आणि त्या रात्रीचं जेवण माझ्याकडे असतं. लेक आठवीत आहे, तिची फर्माईश ठरलेली: हाक्का नूडल्स. गाड्यावरच्या दोन प्लेटच्या पैशात घरी आम्हा चौघांचं भागतं, म्हणून मीही खूश.

पण सलग पाऊण वर्ष दर शनिवारी तोच फॉल्ट. कढईत टाकेपर्यंत बऱ्या दिसणाऱ्या नूडल्स दोन मिनिटांत एकमेकींना बिलगायच्या, तळाला धरायच्या, कोबी मऊ पडायचा आणि सगळ्याच्या खाली सोया सॉसचं काळपट पाणी साचायचं. उलथनं घातलं की अख्खा गोळा वर. लेक कढईत डोकावून म्हणायची, "बाबा, आज चाळीस फूट." सांगलीबाहेरच्यांसाठी सांगतो: पावसाळ्यात आमच्याकडे दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे एकच प्रश्न विचारतात, आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर? ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोक्याची. २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं होतं. तेव्हा कढईवर हा शेरा म्हणजे चांगलाच टोमणा.

मी काय काय केलं ते सांगायला लाज वाटते. पाकीट बदललं. नॉनस्टिक कढई आणली. सॉस कमी केला, मग वाढवला. उकळत्या पाण्यात तेल घातलं. म्हणजे फॉल्ट न शोधता नुसते पार्ट बदलत बसणाऱ्या ज्या मेकॅनिकला मी एरवी नावं ठेवतो, तोच मी झालो होतो.

उत्तर मिळालं ते एका ब्लोअरच्या मोटारीमुळे. विश्रामबागकडच्या एका चायनीजच्या गाड्यावरचा पोरगा भट्टीचा ब्लोअर घेऊन दुकानात आला. आर्मेचर जळालं होतं. संध्याकाळी बसवून द्यायला मीच गेलो. पोरगा नेपाळचा, मराठी तोडकं पण बिनधास्त. ब्लोअर सुरू झाला, गिऱ्हाईक आलं, आणि मी बाजूला उभा राहून बघत बसलो. त्यानं स्टीलच्या परातीतून हातानं मूठभर नूडल्स उचलल्या, आणि त्या त्याच्या बोटांतून सुटून खाली लोंबल्या, वाळत घातलेल्या सुतासारख्या. हात कोरडा. मी त्याला माझं दुखणं सांगितलं.

"काका, गोळा कसा नाय होणार? तुम्ही गरम गाळता आन तसाच टाकता. नूडल कोरडा पाहिजे. हे बघा." त्यानं माझ्या तळहातावर चार नूडल्स ठेवल्या. ओल अशी नव्हतीच, नुसता तेलाचा पुसट हात. "पाणी आत असला पाहिजे, बाहेर नाय."

सगळा फॉल्ट या एका वाक्यात आहे. पुढचं सगळं त्याचा तपशील.

आधी फॉल्ट कुठल्या टप्प्यावर आहे ते काढा

मोटार सुरू होत नसेल तर आम्ही टेस्ट लॅम्प घेऊन मीटरपासून एकेक जागा तपासत जातो. दिवा जिथे लागत नाही तिथे दोष. इथेही तेच करा. उकळून निथळलेल्या नूडल्स दहा मिनिटं तशाच ठेवा आणि एक नूडल बोटानं उचला. तिच्याबरोबर तिची सगळी भावंडं वर आली तर दोष उकळण्यात किंवा निथळण्यात. तिथे मोकळ्या असतील आणि कढईत गेल्यावर गोळा होत असेल तर दोष आचेत, भाज्यांत किंवा एका वेळी टाकलेल्या मालात. कढईतून उतरेपर्यंत छान आणि डब्यात गेल्यावर गिचका, तर वाफ कोंडली. एका शनिवारी एकच गोष्ट बदला. तीन एकदम बदललीत तर सुधारणा कशामुळे झाली ते कधीच कळणार नाही.

आमच्याकडे दोष तीनही जागी होता, पण सत्तर टक्के पहिल्याच.

उकळताना आपण खळ करत असतो

दिवाळीत आकाशकंदील चिकटवायला आपण काय करतो? दोन चमचे मैदा, थोडं पाणी, मंद आचेवर ढवळायचं, झाली खळ. हाक्का नूडल्स मैद्याच्याच असतात. त्या वाटीभर पाण्यात, मंद उकळीवर, ढवळत शिजवल्या तर दुसरं काय होणार? मैद्यातला स्टार्च गरम पाण्यात फुगतो, काही बाहेर येऊन पाण्यात मिसळतो, आणि पाणी थोडं असेल तर ते दाट होत जातं. तीच खळ मग प्रत्येक नूडलवर लागून राहते. थंड झाली की धरते. मी चार जणांच्या नूडल्स चहाच्या मोठ्या पातेल्यात उकळत होतो. आकाशकंदीलच करत होतो म्हणा ना.

दीडशे ग्रॅमच्या पाकिटाला दीड ते दोन लिटर पाणी घ्या. मीठ एक मोठा चमचा, कारण नूडल्सच्या अंगात मीठ जायची हीच एक वेळ. पाणी खळखळ उकळल्याशिवाय पाकीट फोडायचंच नाही. कोमट पाण्यात पडलेल्या नूडल्स आतून शिजायच्या आधीच बाहेरून चिकट होतात. टाकल्यावर पहिलं अर्धं मिनिट चिमट्यानं किंवा दोन काट्यांनी सोडवत राहा, नंतर हात लावू नका. उलथन्यानं ढवळलंत तर तुकडे होतात, आणि प्रत्येक तुटलेल्या टोकातून आणखी स्टार्च सुटतो.

पाण्यात तेल घालण्याबद्दल: घालू नका, तेल वाया जातं. ते पाण्यावर तरंगतं. फेस थोडा कमी येतो, एवढाच उपयोग. तेलाची जागा नंतर आहे.

किती वेळ? पाकिटावर लिहिलेल्या वेळेच्या एक-दीड मिनिट आधी एक नूडल काढून दातानं तोडा आणि तोडलेली बाजू बघा. मध्यभागी सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसला की गॅस बंद. ठिपका पूर्ण जाईपर्यंत थांबलात तर कढईत जास्त शिजणार. शाळू भाजताना पोराटोरांनाही कळतं, हुरडा थोडा आधीच काढावा लागतो, उष्णता आत असतेच. तसंच हे.

काढल्या काढल्या चाळणीत ओता आणि नळाच्या गार पाण्याखाली हातानं उलटसुलट करत धुवा. पहिलं पाणी गढूळ जाईल, ती आपली खळ. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत धुवायचं. याचे दोन फायदे: वरचा चिकटा जातो आणि आतलं शिजणं थांबतं. माझ्या बायकोला हे फार जिवावर यायचं, "अहो, शिजलेलं अन्न काय नळाखाली धरताय?" पण बासमती शिजवून गार पाण्यानं धुणारे आचारी तिनंही लग्नात पाहिलेत.

वाळवण

इथे मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण कुठल्याही कृतीत या पायरीला अर्धं वाक्य असतं: "पाणी निथळून घ्या." निथळून म्हणजे किती?

मी दुकानातून तांब्याची तार मोजायचा वजनकाटा घरी नेला. दीडशे ग्रॅमचं पाकीट उकळून, धुऊन, चाळणी दोनदा झटकून लगेच तोललं: ४१० ग्रॅम. मग सुती कापडावर पसरून पंख्याखाली वीस मिनिटं ठेवलं आणि परत तोललं: ३६०. म्हणजे चाळणी झटकून "निथळलं" म्हणतो तेव्हा ५० ग्रॅम पाणी अजून अंगावर असतं.

५० ग्रॅमनं काय फरक पडतो? हिशोब करू. १ ग्रॅम पाणी ३० अंशांपासून उकळीला न्यायला ७० कॅलरी लागतात. पण उकळलेल्या त्याच पाण्याची वाफ करायला आणखी ५४०. खरा खर्च तिथे आहे. ५० ग्रॅमचे झाले साडेतीस हजार. घरच्या शेगडीचा बर्नर २ किलोवॉटचा धरा, त्यातली निम्मी उष्णता कढईत जाते असं धरा, तर सेकंदाला २४० कॅलरी. म्हणजे नुसतं ते वरचं पाणी उडवायलाच दोन मिनिटांच्या वर जातात. आणि पाणी आहे तोपर्यंत कढईतला माल शंभर अंशांच्या वर जात नाही. त्या दोन मिनिटांत नूडल्स परतल्या जात नाहीत, पुन्हा उकडल्या जातात. माझा गोळा बरोबर दोन मिनिटांनी व्हायचा, हे आठवलं आणि मी काट्यासमोर बसून हसलो.

आता कृती. चाळणीत पाच मिनिटं. मग दोन चमचे गोडेतेल घालून हातानं, बोटं फिरवत, प्रत्येक नूडलला लागेल असं चोळायचं. मग पातळ थरात पसरायचं. आईला म्हटलं, नूडल्स वाळत घालायच्यात, एखादं कापड दे. तिनं कपाटातून जुनी मऊ सुती साडी काढून दिली, जिच्यावर उन्हाळ्यात कुरडया आणि शेवया पडतात. ती म्हणाली, "अरे, मग आधी सांगायचंस की वाळवण आहे म्हणून. मी केव्हाच सांगितलं असतं." खरंच आहे. शेवयांचा पाट घेऊन बसलेल्या बायकांना ओल म्हणजे काय हे माझ्यापेक्षा जास्त कळतं.

पंख्याखाली वीस मिनिटं पुरतात. पावसाळ्यात, हवा दमट असली की अर्धा तास. याहून सोपा मार्ग म्हणजे सकाळीच उकळून, तेल लावून, डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवणं. संध्याकाळी त्या इतक्या सुट्या होतात की ओळखू येत नाहीत. का, ते आपल्याला ठाऊक आहे, फक्त नूडल्सशी जोडलेलं नसतं: फोडणीचा भात ताज्या भाताचा कधी चांगला होतो का? तो कालचाच लागतो. थंड झाल्यावर भातातला स्टार्च पुन्हा घट्ट बसतो, वरचा भाग कोरडा होतो, शीत न् शीत सुटतं. नूडल्सचंही तसंच. फक्त ओट्यावर तासन् तास उघड्या ठेवू नका. शिजलेला भात असो की नूडल्स, उबेत राहिल्या की खराब होतात.

हे एवढं केल्यावर पुढच्या शनिवारी लेकीनं कढईत डोकावून बघितलं. "पंचवीस फूट," म्हणाली. उतरत होतं, पण पूर उतरला नव्हता.

उरलेलं पाणी भाज्यांचं

कोबीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ढोबळी मिरचीतही तेवढंच. गाजर थोडं बरं. या भाज्या आपण ऐन वेळी धुतो, चिरतो आणि ओल्याच टाकतो, वर लगेच मीठ घालतो. मीठ पडलं की भाजी पाणी सोडते, कोशिंबिरीत बघतोच आपण. भाज्या तासभर आधी धुऊन पंचावर पसरा. मीठ भाज्यांत घालूच नका, नूडल्समध्ये आहे आणि सोया सॉस तर मुळातच खारट. पहिल्या दोन महिन्यांत मी तीन ठिकाणी मीठ घालत होतो, आणि खारट झालं म्हणून सॉसला शिव्या देत होतो.

झाकण ठेवू नका. आपल्याकडे भाजीवर ताट ठेवून, त्या ताटात पाणी ओतून वाफ काढायची सवय हाडात मुरलेली असते. वांग्याला ते ठीक. इथे ती वाफ झाकणाला लागून परत कढईत ठिबकते.

चिरणं मात्र बारीक आणि एकसारखं. गाजर काडीपेटीतल्या काडीइतकं, कोबी लांब. भाज्या मोठ्या आचेवर दीड-दोन मिनिटं परतून ताटलीत काढून ठेवायच्या आणि शेवटी परत घालायच्या. कांद्याची पात गॅस बंद केल्यावर. लसूण, आलं, हिरवी मिरची मात्र सुरुवातीला, तेलात दहा सेकंद. लसूण तांबूस होईतो थांबलात तर कडवट लागतो.

आच, कढई आणि घाणा

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. ३ एचपीच्या मोटारीवर ५ एचपीचा पंप जोडला तर मोटार फिरते, पण तापते, आवाज करते आणि एक दिवस जळते. शेतकरी म्हणतो वायर खराब होती. घरचा बर्नर ही ३ एचपीची मोटार आहे. गाड्यावरची भट्टी पंधराची. तिच्यावर तो पोरगा दोन प्लेट एकदम टाकतो आणि कढई दचकतही नाही. आपण चार जणांचा माल एकदम टाकला की कढई थंडच पडते.

यावर भट्टीची शेगडी आणि मोठ्या दाबाचा रेग्युलेटर घरात बसवायचा हा उपाय नाही, हे स्पष्ट सांगतो. घरच्या शेगडीला, नळीला तो दाब झेपत नाही. उपाय आहे तो आपल्याकडे भजी तळणारी प्रत्येक बाई करते: घाणे काढा. एका घाण्याला एक पाकीट, आणि तेही थोडं कमीच. चौघांना दोन घाणे. दुसरा टाकायच्या आधी कढई परत तापू द्या. यात पाच मिनिटं जास्त जातात, आणि पहिला घाणा पहिल्यांदा कोण खाणार यावरून आमच्याकडे भांडण होतं, पण गोळा होत नाही.

कढई लोखंडी घ्या. माझी नॉनस्टिक आता उपम्याला आहे. नॉनस्टिक रिकामी ठेवून कडक तापवायची नसते. २६० अंशांच्या वर तो लेप खराब व्हायला लागतो. आणि इथे तर धूर दिसेपर्यंत तापवायची आहे. लोखंडी कढई जड असते, उष्णता धरून ठेवते, माल पडला तरी लगेच गार होत नाही. पाण्याचा एक थेंब टाकून बघा. नुसता चुर्र करून आटला तर थांबा. पाऱ्याच्या गोळीसारखा कढईत इकडून तिकडे पळायला लागला की तापली. तो थेंब पळतो कारण त्याच्याखाली वाफेची गादी तयार होते, आणि तेवढी आच असली की नूडल्सही तळाला धरत नाहीत. कढई नवी असेल तर बिडाच्या तव्यासारखी तेलानं मुरवून घ्या. आणि जेवण झालं की लगेच रिकामी करा, व्हिनेगर पडलेला पदार्थ लोखंडात राहिला की काळा पडतो.

तेल कुठलं? घाण्याच्या शेंगतेलाला वास फार छान, पण ते लवकर धुरावतं. रिफाइंड शेंगतेल जास्त आच सोसतं. मी परतायला रिफाइंड आणि शेवटी अर्धा चमचा घाण्याचं वरून घालतो. तिळाचं भाजक्या वासाचं तेल महाग पडतं, आपल्याला स्वस्तात करायचंय.

सॉस

थोडक्यात. एका पाकिटाला सोया सॉस एक मोठा चमचा, चिली सॉस आणि व्हिनेगर एकेक छोटा चमचा, चिमूटभर साखर, मिरपूड. हे सगळं आधी वाटीत कालवून ठेवा. कढईपाशी उभं राहून तीन बाटल्यांची झाकणं उघडत बसलात तर तेवढ्यात खालचं करपतं. आणि नूडल्सवर ओतू नका, कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडा. कडेला चर्र होऊन निम्मं पाणी तिथेच उडतं आणि सॉसला भाजका वास येतो. गाड्यावरचा जो वास आपल्याला घरी सापडत नाही, त्यातला बराचसा इथे आहे.

काळ्याभोर, कडवट झाल्या तर डार्क सोया जास्त पडला. तो रंगापुरता, पाव चमचा. अजिनोमोटोबद्दल दर वेळी वाद होतो म्हणून एवढंच: किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञानं १९०८ साली समुद्री शेवाळाच्या रश्श्यातून ती चव वेगळी काढली. टोमॅटोतही ती असतेच. मी घालत नाही, कारण आईला चालत नाही. अडत काही नाही.

पाकीटच वेगळं असेल तर

दोन मिनिटांवाल्या नूडल्स यासाठी वापरू नका. १९५८ साली जपानमध्ये मोमोफुकू आंदो यांनी जे तंत्र बाजारात आणलं, त्यात शिजवलेल्या नूडल्स तेलात तळून त्यातलं पाणी उडवतात. पाणी जिथून गेलं तिथे बारीक भोकं राहतात, म्हणून त्या गरम पाण्यात लगेच भिजतात. पाणी पटकन पिणं हाच त्यांचा गुण, आणि आपल्याला नेमकं उलटं हवंय. हाक्का म्हणून मिळतात त्या सरळ, न तळलेल्या घ्या. हाक्का हे एका चिनी समाजाचं नाव. त्यातले बरेच लोक कोलकात्याच्या टांगरा भागात स्थिरावले, चामड्याचे धंदे केले, पुढे हॉटेलं काढली. आपल्याकडचं चायनीज मुख्यतः तिथून पसरलं.

तांदळाच्या नूडल्स उकळू नका, गरम पाण्यात भिजवून काढा. गव्हाच्या पिठाच्या घेतल्या तर त्या तुटतात, एक मिनिट कमी शिजवा.

काही पाकिटांच्या मागे घटकांमध्ये ५००, ५०१ असे आकडे असतात. ते सोडियम आणि पोटॅशियमचे कार्बोनेट क्षार. घाबरू नका, पापडखार त्याच जातीचा. पिठाला ताठपणा येतो. नूडल्स सारख्याच गिळगिळीत होत असतील तर उकळत्या पाण्यात पाव चमचा खायचा सोडा घालून बघा. जास्त घातलात तर साबणासारखी चव येते, हेही करून बघितलंय.

आईच्या खपली गव्हाच्या शेवया मी याच पद्धतीनं एकदा केल्या. कोरड्या भाजून, तीन मिनिटं उकळून, धुऊन, वाळवून. लहान तुकडे झाले, पण चव कुठल्याही पाकिटापेक्षा वरचढ. आईनं मात्र त्याकडे संशयानं बघत त्यावर कांदा-लसूण चटणी पेरली. सोया सॉसवर कांदा-लसूण चटणी घालू नये असं माझं ठाम मत आहे. तिचंही ठाम आहे.

डब्यात

डब्यात द्यायच्या असतील तर ताटात पसरून पूर्ण गार करून मगच भरा, आणि दाबून भरू नका. गरम भरल्या की वाफ झाकणाला लागते आणि मधल्या सुट्टीपर्यंत आपण सकाळी उडवलेलं सगळं पाणी परत आलेलं असतं. डब्यासाठी सॉसही निम्मा.

झालाच गिचका तर

अजून सॉस पडला नसेल तर वाचवता येतं. गोळ्यावर उकळतं पाणी ओता, काट्यानं सोडवा, गार पाण्यानं धुवा आणि तेल लावून पुन्हा वाळवणापासून सुरुवात करा. थोड्या जास्त मऊ लागतील.

सॉस पडून गोळा झाला असेल तर सोडवायचा प्रयत्न सोडा. जितकं ढवळाल तितकी खळ. त्याऐवजी लोखंडी तवा तापवा, दोन चमचे तेल सोडा आणि तो गोळा थालीपिठासारखा थापून टाका. अर्ध्या बोटाइतका जाड, मध्ये एक भोक, त्यात तेलाचे चार थेंब. मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं हात लावू नका, कडा तांबूस दिसल्या की ताटली ठेवून उलटा. पातळ थर, मोठा तवा आणि भरपूर वेळ असल्यामुळे अडकलेलं पाणी इथे सावकाश उडून जातं. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ. चीनमध्येही नूडल्सची अशी चकती दोन्ही बाजूंनी भाजून खातात, तेव्हा वशिला लावायची गरज नाही. वर कांद्याची पात आणि मूठभर भडंग. चटणीचं काय ते आईवर सोडा.

आता घरात पाणी पंधरा फुटांवर असतं, महिनोन् महिने गोळा झालेला नाही. मागच्या शनिवारी मी वाळवणाची साडी काढायला लागलो तर लेक म्हणाली, "बाबा, आज नीट नको करूस ना. गिचका कर. थालीपीठ खायचंय."